परीक्षेचे यंत्र आणि यंत्राची परीक्षा

द्वितीय वर्ष, बी. ए.

खेड्यातल्या घरी पत्र्याच्या पेटीत तळाशी काही कागद जपून ठेवलेले असतात. सातबारा, रेशनकार्ड, पतपेढीच्या पावत्या. ज्या घरातले मूल दहावीपर्यंत पोचले त्या घरी या कागदांत आणखी एकाची भर पडते, ती दहावीच्या गुणपत्रकाची. पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्या घरात या कागदाची मातब्बरी फारशी वाटत नसेल; कारण तेथे त्याच्या आधी आजोबांची पदवी आणि वडिलांची नोकरी असते. परंतु ज्या घरात यापूर्वी कोणी दहावीच्या वर्गात बसलेले नाही, तेथे हे गुणपत्रक म्हणजे बाहेरच्या जगाने त्या घराला दिलेला पहिला लेखी शब्द असतो. 'तुमच्या मुलीला एवढे येते,' असे सही-शिक्क्यानिशी कोणीतरी लिहून दिलेले असते. म्हणूनच परीक्षा कशी घेतली जाते हा प्रश्न केवळ मंडळाच्या अधिकाऱ्यांचा नाही. ज्यांच्यापाशी या कागदाखेरीज दुसरी शिफारस नाही, त्या आम्हा मुलामुलींचा तो अगदी जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

या लेखी शब्दावरचा विश्वास अलीकडे डळमळीत झाला आहे, हे कोणीही नाकारणार नाही. २०२४ साल तर परीक्षांच्या दृष्टीने अशुभच म्हणावे लागेल. त्या वर्षी ५ मे रोजी वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा झाली. तेवीस लाखांहून अधिक मुले तिला बसली होती. हजारीबाग आणि पाटणा येथे प्रश्नपत्रिका फुटल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयापुढे वाद उरला नाही. मात्र ही फूट देशभर पसरल्याचा पुरावा नाही म्हणून फेरपरीक्षा नाकारण्यात आली. १८ जून रोजी 'यूजीसी-नेट' परीक्षा झाली आणि दुसऱ्याच दिवशी ती रद्द झाली. २१ जूनपासून सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्धचा नवा केंद्रीय कायदा लागू झाला. संघटित गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटी रुपये दंड, अशी जबर शिक्षा त्यात सांगितली आहे. फुटलेल्या परीक्षा कागदावरच्या होत्या. तेव्हा कागद गेला की चोरीही गेली, असा सोपा निष्कर्ष अनेकांनी काढला, आणि दहावी-बारावीच्या परीक्षाही संगणकावर घ्याव्यात असा सूर ऐकू येऊ लागला.

संगणकाला माझा विरोध नाही, हे प्रथमच सांगून टाकते. पण 'सुरक्षित परीक्षा' हे शब्द आपण वापरतो तेव्हा सुरक्षितता कोणाची, हे कोणी विचारत नाही. परीक्षा विद्यार्थ्यापासून सुरक्षित असावी, एवढाच अर्थ बहुतेकांच्या मनात असतो. विद्यार्थीदेखील परीक्षेपासून सुरक्षित असला पाहिजे, ही सुरक्षिततेची दुसरी बाजू होय. माझ्या मते यंत्राची खरी परीक्षा या दुसऱ्या बाजूलाच आहे.

आज कागदावरची परीक्षा कशी चालते ते आधी पाहू. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाची स्थापना १ जानेवारी १९६६ रोजी झाली. त्याची आज नऊ विभागीय मंडळे आहेत आणि एकट्या दहावीला दरवर्षी पंधरा-सोळा लाख मुले बसतात. प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे परीरक्षकाच्या ताब्यात असतात. तेथून ते सकाळी सहायक परीरक्षक, ज्याला सर्वजण 'रनर' म्हणतात, तो केंद्रावर पोचवतो. मग केंद्रसंचालक, मग पर्यवेक्षक. वर भरारी पथके आणि बैठी पथके. इतक्या हातांतून जाणाऱ्या गोष्टीला एखादा हात मळका लागणारच. पूर्वी प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी दहा मिनिटे आधी देत असत. तेवढ्या वेळात ती भ्रमणध्वनीवरून बाहेर पडते अशी ओरड झाली, म्हणून २०२३ सालापासून ती सवलत बंद झाली आणि ती दहा मिनिटे शेवटी जोडून देण्यात आली. खिडकीतून चिठ्ठ्या पुरवणाऱ्यांचे वर्णन मी करीत बसत नाही; ते दृश्य वाचकांच्या परिचयाचे आहे. एवढेच सांगते की, चिठ्ठ्या पुरवणाऱ्या केंद्रांवर सर्वात जास्त नागवला जातो तो प्रामाणिक आणि गरीब विद्यार्थी. 'त्या केंद्राचे मार्क' म्हणून पुढे त्याच्याही गुणांकडे संशयाने पाहिले जाते.

पण या कागदी व्यवस्थेत एक गोष्ट मात्र फार चांगली आहे, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. प्रश्नपत्रिकांचे मोहोरबंद पाकीट परीक्षेच्या दालनात उघडले जाते आणि त्यावर दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घेतल्या जातात. पाकीट फोडलेले नव्हते, हे सोळा वर्षांची दोन मुले आपल्या सहीने सांगतात. निकालानंतर शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. म्हणजे ज्याची परीक्षा आहे त्यालाही व्यवस्थेकडे डोळे उघडून पाहण्याचा थोडा का होईना, अधिकार आहे. संगणक आला की ही सही कोठे करायची?

माझे वडील तालुक्याच्या मोंढ्यात हमाली करतात. शाळेचा आणि त्यांचा संबंध चौथीतच सुटला. परंतु मापाच्या बाबतीत त्यांचा अनुभव मोठा आहे. मोंढ्यात पूर्वी तराजू होते, आता इलेक्ट्रॉनिक काटे आले. प्रारंभी शेतकऱ्यांचा या काट्यांवर विश्वास नव्हता. आकडे आडत्याच्या बाजूला दिसत आणि शेतकरी पलीकडे उभा. पुढे आकडे दोन्ही बाजूंना दिसू लागले. वैधमापन खाते दरवर्षी काटा तपासून त्यावर मुद्रा करते. पोते ठेवण्यापूर्वी शून्य दाखवण्याची रीत पडली. हळूहळू तंटे कमी झाले. वडील म्हणतात, "काटा लबाड नसतो. काट्याचं तोंड फिरवणारा लबाड असतो." संगणकावरच्या परीक्षेबद्दल मी जे जे वाचले, त्या सगळ्याचे सार मला या एका वाक्यात सापडते. ज्याचा माल मोजायचा त्याला आधी शून्य दिसले पाहिजे आणि शेवटी आकडा दिसला पाहिजे. ही अट पाळणारे यंत्र आम्हाला हवे आहे.

संगणकामुळे चोरी आपोआप थांबते, हा समज खरा नाही. २०२१ साली अभियांत्रिकी प्रवेशाच्या 'जेईई मुख्य' परीक्षेत काही उमेदवारांचे संगणक दुसऱ्या ठिकाणाहून ताब्यात घेऊन प्रश्न सोडवल्याचा गुन्हा सीबीआयने नोंदवला आणि २०२२ मध्ये या प्रकरणात एका परदेशी नागरिकाला दिल्लीच्या विमानतळावर ताब्यात घेतले. ही परीक्षा कागदावरची नव्हती. आपल्या राज्यातील शिक्षक पात्रता परीक्षेचे उदाहरण तर याहून बोलके आहे. २०१९-२० च्या परीक्षेत साडेसात हजारांहून अधिक अपात्र उमेदवारांना पात्र दाखवल्याचे पुढे तपासात उघड झाले. तेथे पेपर फुटण्याची गरजच भासली नाही; निकालाच्या टोकाला हातचलाखी झाली. खिडक्यांना कितीही गज लावले आणि तिजोरीची किल्ली ज्याच्या हाती आहे तोच फिरला, तर काय उपयोग? परीक्षार्थीवर चार कॅमेरे रोखणारी व्यवस्था निकाल तयार करणाऱ्या खोलीवर किती रोखते, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला असला पाहिजे.

जगात या वाटेने जे देश गेले त्यांच्यापैकी दोघांची उदाहरणे मुद्दाम देते. पहिले इजिप्तचे. २०१८-१९ या शालेय वर्षात तेथील सरकारने उच्च माध्यमिकच्या पहिल्या वर्गातील सात लाखांवर मुलांना टॅब्लेट देण्याची मोठी योजना आखली आणि परीक्षाही त्यावर घेण्याचे ठरवले. हेतू चांगला होता. तेथेही पेपरफुटी आणि घोकंपट्टीने शिक्षणाला ग्रासले होते. मार्च २०१९ मध्ये चाचणी परीक्षा सुरू झाली. लाखो मुले एकाच वेळी एका यंत्रणेला जोडू लागली आणि ती यंत्रणा कोसळली. मे महिन्यात पुन्हा अडचणी आल्या. मुले आणि पालक रस्त्यावर उतरले. यात मुलांचा दोष कोणता? त्यांच्या हाती उपकरण दिले होते, पण त्या उपकरणापर्यंत प्रश्न पोचवणारी वाट एकच होती आणि ती वेळेवर तुंबली. कळस आधी चढवला आणि पाया नंतर भरायला घेतला, असेच म्हणावे लागेल.

दुसरे उदाहरण फिनलंडचे. तेथे शालेय शिक्षणाच्या शेवटी, म्हणजे आपल्या बारावीच्या वयाला, एक राष्ट्रीय परीक्षा असते. तिची परंपरा १८५२ पासूनची आहे. ही परीक्षा संगणकावर नेण्याचे ठरल्यावर त्यांनी घाई केली नाही. २०१६ च्या शरद ऋतूत भूगोल, जर्मन आणि तत्त्वज्ञान हे तीनच विषय संगणकावर घेतले. मग दर सत्राला काही विषयांची भर घालीत २०१९ च्या वसंतात गणित आले आणि परीक्षा पूर्णपणे संगणकावर झाली. गणित शेवटी ठेवण्यात शहाणपण होते, कारण समीकरणे टंकलिखित करणे हे वेगळेच कौशल्य आहे.

त्यांनी योजलेली पद्धत साधी होती. विद्यार्थी आपला नेहमीचा लॅपटॉप घेऊन येई. मंडळाने दिलेला पेनड्राइव्ह लावून तो सुरू केला की त्यात फक्त परीक्षेची व्यवस्था चाले. लॅपटॉपमधील टिपणे उघडत नसत आणि इंटरनेट लागत नसे. दालनातल्या तारांच्या जाळ्याने सगळे लॅपटॉप शाळेतल्याच एका सर्व्हरला जोडलेले असत आणि तो बंद पडला तर दुसरा सर्व्हर शेजारी तयार असे. विद्यार्थी लिहीत असताना उत्तर सतत साठवले जाई. एखाद्याचा लॅपटॉप बंद पडला तर राखीव लॅपटॉप देऊन जेथे थांबला तेथून पुढे लिहिता येई. बाहेरचे इंटरनेट तुटले तरी दालनातली परीक्षा चालू राही. इजिप्तमध्ये जी वाट तुंबली, ती वाट परीक्षेच्या वेळी फिनलंडने वापरलीच नाही.

परंतु मला यापेक्षा महत्त्वाच्या वाटतात त्या दुसऱ्या दोन गोष्टी. २०१३ साली, म्हणजे खरी परीक्षा संगणकावर येण्याच्या तीन वर्षे आधी, तेथील मंडळाने एक स्पर्धा ठेवली आणि लोकांना जाहीर आवाहन केले की, आमच्या या व्यवस्थेत कशी लबाडी करता येईल ते शोधून दाखवा. हॅकरांना घरी बोलावून कुलूप दाखवण्याचाच हा प्रकार! दुसरी गोष्ट, २०१५ पासून याच धर्तीची 'अबित्ती' नावाची प्रणाली शाळांना मोफत दिली आणि शिक्षक आपल्या नेहमीच्या चाचण्या तीवर घेऊ लागले. त्यामुळे मोठ्या परीक्षेच्या दिवशी विद्यार्थ्यासमोर अनोळखी यंत्र नव्हते. थोडक्यात सांगायचे तर, त्यांनी शून्य आधी दाखवले.

कोणी म्हणेल, फिनलंड कोठे आणि आपण कोठे! त्या सबंध देशाची लोकसंख्या छप्पन लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपल्या एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या चौऱ्याण्णव लाखांवर होती. हे खरे आहे. त्यांचा लॅपटॉप आपल्याला परवडणार नाही, हेही खरे. पण हळू जाणे, आधी सराव देणे आणि आपले कुलूप लोकांना तपासू देणे, यांना लॅपटॉपइतका पैसा लागत नाही. या तीन गोष्टी गरीब राज्यालाही परवडतात.

आता आपल्याकडची स्थिती पाहू. मी ज्या माध्यमिक शाळेत शिकले तेथे संगणक कक्ष होता. दहा संगणक होते आणि त्यांवर कापडी झाकणे होती. ती झाकणे निघत ती तपासणीच्या दिवशी. बारावीनंतर मी एका प्रवेशपरीक्षेला बसले. परीक्षा संगणकावर, केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी. पहाटेच्या एस. टी. ने निघालो. माझ्या शेजारच्या रांगेतली एक मुलगी माउस हातात धरून नुसती बसली होती. बाण कोठे जातो ते तिला उमगत नव्हते. मध्येच माझ्या संगणकाचा पडदा गोठला. पर्यवेक्षकांनी दोनदा बंद करून सुरू केला. गेलेली मिनिटे मिळाली की नाही, हे मला आजतागायत ठाऊक नाही, कारण ते सांगणारा कागद माझ्या हाती कोणीच दिला नाही. मी नापास झाले नाही, म्हणून माझी तक्रारही नाही. पण पोते उतरवून घेतले आणि वजनाची चिठ्ठी दिली नाही, तर मोंढ्यात त्याला काय म्हणतात हे मला माहीत आहे.

यानंतरचा मुद्दा भाषेचा. दहावीची परीक्षा मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती, कन्नड अशा अनेक भाषांतून दिली जाते. मराठीतून निबंध टंकलिखित करणे ही सोपी गोष्ट नाही. इन्स्क्रिप्ट, रेमिंग्टन असे कळफलकाचे निरनिराळे प्रकार. भ्रमणध्वनीवर मुले लिहितात ते तर रोमन अक्षरांतून. राज्य परीक्षा परिषद मराठी टंकलेखनाची परीक्षा घेते, तिची पहिली पायरी मिनिटाला तीस शब्दांची असते आणि तेवढ्यासाठी तरुण मुले महिनोन् महिने वर्गाला जातात. दहावीच्या मुलाकडून असा वेग आपण कशाच्या बळावर मागणार? येथे मला माझ्याच वर्षाचे स्मरण होते. मी दहावी झाले २०२२ साली. टाळेबंदीमुळे आमची लिहिण्याची सवय गेली होती. मंडळाने हे ओळखले आणि मोठ्या पेपरांना अर्धा तास वाढवून दिला, शिवाय परीक्षा आपापल्या शाळेत घेतली. त्या अर्ध्या तासाबद्दल मी मंडळाची ऋणी आहे. लिहिण्याचे साधन बदलले की वेळेचे माप बदलते, हे तत्त्व मंडळाने तेव्हा मान्य केले. तेच तत्त्व संगणकालाही लागू केले पाहिजे.

टंकलेखन अवघड म्हणून यावर एक पळवाट काढली जाईल, आणि तिची मला सर्वात जास्त धास्ती वाटते. ती म्हणजे सगळेच प्रश्न चार पर्यायांचे करून टाकणे. तपासायला सोपे, कॉपी रोखायला सोपे, निकाल झटपट. आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना याचा धोका लगेच समजेल. 'छत्रपती शाहू महाराजांनी आरक्षणाचा आदेश कोणत्या साली काढला?' याला चार पर्याय देता येतात आणि १९०२ वर टिचकी मारता येते. परंतु त्या काळी असा आदेश काढण्यासाठी काय धैर्य लागले असेल, हे चार पर्यायांत बसत नाही. माझ्यासारखीला दहावीच्या मराठीच्या पेपरात पहिल्यांदा स्वतःचे मत दोन पाने लिहायला मिळाले. घरात माझे मत कोणी विचारले नव्हते, वर्गातही क्वचितच. ती दोन पाने काढून घेऊन तुम्ही परीक्षा सुरक्षित केली, तर नेमके काय राखले? फिनलंडनेही संगणक आणला, पण दीर्घ उत्तरे ठेवली. आधी शाळेतले शिक्षक ती तपासतात, नंतर मंडळाचे परीक्षक तपासतात. यंत्राच्या सोयीसाठी प्रश्न लहान केला की उत्तर देणारा माणूसही लहान होतो.

संगणक कमी आणि मुले लाखो, तेव्हा परीक्षा अनेक पाळ्यांत घ्यावी लागेल. पाळ्या आल्या की प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या आल्या आणि मग त्यांचे गुण एका पातळीवर आणण्यासाठी समानीकरण आले. अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेत 'पर्सेंटाइल' निघतो तो असाच. हे गणित चुकीचे आहे असे माझे म्हणणे नाही. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रयागराज येथे हजारो पदवीधर याच समानीकरणाविरुद्ध रस्त्यावर बसले आणि तेथील लोकसेवा आयोगाला आपली पूर्वपरीक्षा एकाच दिवशी घेण्याचे मान्य करावे लागले. पदवीधरांना जे पटवता आले नाही, ते दहावीच्या मुलीच्या आईला कोण पटवून देणार? 'माझ्या लेकीला किती मार्क पडले?' या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळणे हा तिचा हक्क आहे.

पहाऱ्याबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. टाळेबंदीच्या काळात घरबसल्या परीक्षा झाल्या तेव्हा कॅमेरा सुरू ठेवून बसण्याची सक्ती काही ठिकाणी झाली. ज्या घरात एकच खोली, त्या खोलीत चूल आणि आजारी आजी, त्या घरातल्या मुलीने कॅमेरा कोणत्या भिंतीकडे वळवायचा? २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व सांगितले आहे. दहावीची जवळजवळ सर्व मुले या वयात मोडतात. त्यांचे चेहरे आणि बोटांचे ठसे गोळा करायचे असतील, तर ते कोणाकडे राहणार आणि कधी पुसले जाणार, हे आधी लिहून दिले पाहिजे.

इतके सगळे वाचल्यावर कोणी म्हणेल की, मग खेड्यात संगणक नकोच. हा निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. 'तुम्हाला झेपणार नाही' हे वाक्य आमच्या घराण्यांनी फार ऐकले आहे. संगणकाचे फायदेही डोळ्यांआड करता येत नाहीत. अंध विद्यार्थ्याला आज लेखनिक शोधत फिरावे लागते आणि त्याच्या शुद्धलेखनावर आपले गुण सोडावे लागतात; संगणक प्रश्न वाचून दाखवील तर तो आपले उत्तर आपणच लिहील. ज्याचे अक्षर वाईट त्याच्यावर नकळत होणारा अन्याय टळेल. गठ्ठे वाहणारे हात कमी होतील. केंद्रीय मंडळाचे पेपर २०१८ मध्ये फुटले तेव्हा त्याच वर्षी जुलैच्या परीक्षेत त्यांनी कूटबद्ध प्रश्नपत्रिका केंद्रावर पाठवून तेथेच छापण्याचा प्रयोग केला. उत्तर कागदावर आणि प्रश्नाचा प्रवास संगणकाने, अशी मधली पायरीही असू शकते. सगळे किंवा काहीच नाही, असा हट्ट धरण्याचे कारण नाही.

माझ्या अल्पमतीप्रमाणे माध्यमिक शाळांत संगणकावर परीक्षा आणायचीच असेल तर तिचा क्रम असा असावा. प्रथम संगणक कक्षाचे कुलूप निघावे आणि आठवीपासून घटक चाचण्या त्याच व्यवस्थेवर व्हाव्यात. तीन वर्षे ज्या मुलाने तीवर चाचण्या दिल्या त्यालाच दहावीला ती द्यावी. मराठी टंकलेखन शाळेत शिकवावे, क्लासच्या शुल्काशिवाय. परीक्षेच्या वेळी बाहेरच्या इंटरनेटवर काही अवलंबून नसावे. वीज गेली तर विद्यार्थ्याचे घड्याळ थांबावे आणि थांबलेली मिनिटे पडद्यावर दिसावीत. दीर्घोत्तरी प्रश्न राहावेत आणि ज्याला कागदावर लिहायचे आहे त्याला पहिली काही वर्षे कागद मिळावा. सबंध व्यवस्था मंडळाबाहेरच्या जाणकारांकडून, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडूनही, जाहीरपणे तपासून घ्यावी आणि सापडलेले दोष प्रसिद्ध करावेत.

शेवटची मागणी सर्वात छोटी, पण माझ्या दृष्टीने सर्वात मोठी. दालनातून बाहेर पडताना प्रत्येकाच्या हाती एक पावती असावी. किती प्रश्न सोडवले, किती वाजता सुरू केले, किती वाजता संपवले, संगणक किती वेळ बंद होता, हे तीवर असावे. संगणकशास्त्रात 'हॅश' नावाची एक युक्ती आहे. कोणत्याही मजकुरापासून आकड्या-अक्षरांचा एक छोटा ठसा काढता येतो आणि मजकुरातला एक काना जरी नंतर बदलला तरी ठसा जुळत नाही. आपल्या उत्तरांचा असा ठसा त्या पावतीवर छापला, तर पुढे कोणत्याही खोलीत कोणी आपले उत्तर बदलले तर ते पकडता येईल. ही युक्ती नवी नाही आणि महागही नाही. पाकिटावरच्या त्या दोन सह्यांची जागा ही पावती घेऊ शकेल.

माझा धाकटा भाऊ यंदा सातवीत आहे. त्याची दहावी कागदावर होईल की पडद्यावर, हे मला सांगता येत नाही. ती कशावरही होवो. तो रात्री दिव्याखाली बसून जे शिकला तेवढेच, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही, त्याच्या नावावर लागावे एवढीच आमची अपेक्षा आहे. यंत्र आणणाऱ्यांनी आमच्याकडे चोर म्हणून पाहण्यापूर्वी एकदा ग्राहक म्हणून पाहावे. काट्याचे तोंड दोन्हीकडे करावे. मग वजन जे भरेल ते आम्ही मुकाट्याने मान्य करू.